रोही वावरात अन् रिव्हॉल्व्हर कमरेला

गावात बैठक घ्यायला गेलो की बियाणे, फवारणी, पीकविमा हे विषय संपल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा म्हणतो. खिशात मावेल असं लहान कोणतं घ्यावं?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांचे वावर जंगलकाठाला आहे आणि रोही-डुकरांपायी जागल करून जे थकले आहेत. दुसरे, सरपंच, पोलीस पाटील किंवा महसुलाचे कर्मचारी, ज्यांना वाळूच्या ट्रॅक्टरमुळे नाही तर जमिनीच्या भांडणातून धमकी आली आहे. प्रश्न एकच असला तरी गरजा दोन आहेत, आणि दोघांना एक उत्तर देता येत नाही.

हा विषय तसा कृषी खात्याचा नाही. पण लाख-दीड लाख रुपये घरातून जाणार असतील आणि त्यातून एखादा जीव जाण्याची शक्यता असेल, तर चार गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. बियाण्याची थैली आपण नाव बघून घेत नाही. जमीन कोणती, पाणी किती, हे आधी पाहतो. हत्याराचेही तसेच आहे. कोणते घ्यावे हे नंतर, कशासाठी घ्यावे हे आधी.

पिकासाठी असेल तर विचार सोडा

स्पष्ट सांगायचे तर पीक राखण्यासाठी रिव्हॉल्व्हर कामाचे नाही. त्याला कायद्याचे कारण आहे आणि व्यवहाराचेही.

कायद्याचे आधी पाहू. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा वेगळा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे आपल्या बोलीत भरमार बंदूक मागितली, तर परवाना देण्याची तरतूद आहे. भरमार पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. स्वसंरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीच्या बंदुकीचाही तिथेच उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर यात कुठेच बसत नाही. त्यासाठी अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, आणि "रोही लय त्रास देतात" हे ते कारण नव्हे.

दुसरे म्हणजे बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नाही. रोही आणि रानडुक्कर ही दोन्ही जनावरे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ती अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगीने पारध करता येते, आणि आपल्या राज्याने २०१५ साली रोही व रानडुकरांसाठी शासन निर्णय काढून ती वाट सोपी केली. पण त्यासाठी वन खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि परवानगीचा कागद हातात यावा लागतो. कागद नसताना गोळी झाडली तर शस्त्र परवाना खरा असला तरी गुन्हा वन्यजीव कायद्याचा होतो. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठाला ज्यांची वावरे आहेत त्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. अंधारात तुरीच्या ओळीत हललेले जनावर डुक्करच आहे याची खात्री कोण देणार?

आता व्यवहार. नागरिकाला सहसा मिळते ते .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. त्याची नळी तीन इंचांच्या आसपास असते. हे हत्यार दहा-पंधरा पावलांवरच्या माणसापासून बचावासाठी बनले आहे. रोहीचा नर दोनशे किलोपर्यंत भरतो. त्याला ही गोळी लागली तर तो जागेवर पडत नाही, जखमी होऊन पळतो. जखमी डुक्कर त्याहून वाईट, ते उलटून अंगावर येते. आणि हुकलेली गोळी धुऱ्यावर थांबत नाही. लहान रिव्हॉल्व्हरची गोळीसुद्धा हजार मीटरपलीकडे जाऊ शकते. पलीकडच्या वावरात ओलित करणारा भाऊ असतो, पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाया असतात.

म्हणून पिकासाठी पैसा घालायचाच असेल तर सौर कुंपणात घाला. जंगलालगतच्या गावांसाठी वन खात्याच्या योजनेतून त्याला अनुदान मिळते. सौर कुंपणाचा झटका थांबून-थांबून येतो, त्याने जनावर घाबरते, मरत नाही. तारेत थेट वीज सोडण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. त्यात जनावराबरोबर माणसेही मेली आहेत आणि शेतकरी तुरुंगात गेले आहेत. नुकसान झाले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. गावाने मिळून पाळीपाळीने जागल केली तर ती एकट्याच्या हत्यारापेक्षा जास्त उपयोगी पडते, असे फिरतीवर दिसते.

जिवाला धोका असेल तर

आता दुसरी गरज. ज्याला खरोखर धमक्या आहेत, ज्याला कामापायी रात्री-बेरात्री नदीकाठी जावे लागते, त्याचा प्रश्न वेगळा. त्यालाही पहिली गोष्ट सांगायची ती हीच, की पद आहे म्हणून परवाना मिळत नाही. सरपंच असो, पोलीस पाटील असो, धोका दाखवावा लागतो, आणि तो कागदावर दाखवावा लागतो. धमकी आली त्या दिवशी ठाण्यात तक्रार दिली का? तिची प्रत ठेवली का? कित्येक लोक वर्षभर धमक्या सोसतात, एकही तक्रार देत नाहीत आणि मग अर्जात "जीवितास धोका" असे दोन शब्द लिहून मोकळे होतात. तक्रारीचा फायदा दुहेरी आहे. परवान्यासाठी तो पुरावा होतो, आणि पुष्कळदा तक्रारीनेच समोरचा नरमतो व हत्याराची गरजच राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. अर्जावर जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शारीरिक-मानसिक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला लागतो. घरी हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. अर्ज नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि आदेशापासून ३० दिवसांत अपील करता येते. त्यामुळे मध्यस्थाला पैसे देण्यात अर्थ नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन मोठे बदल झाले. एका माणसाकडे पूर्वी तीन हत्यारे चालत, आता दोनच चालतात. ज्यांच्या घरी आजोबांची भरमार आणि वडिलांची बारा बोअर आपल्या नावावर आलेली आहे, त्यांना तिसरे घेता येणार नाही. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या. विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान दोन वर्षे आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवान्याला वेळ लागतो म्हणून कोणी देशी कट्टा सुचवला तर त्या माणसापासून दूर राहा. कट्ट्याची नळी साध्या पाइपाची असते, कधी हातातच फुटते, आणि नाही फुटली तरी तुरुंग ठरलेला.

कोणते घ्यावे

परवाना मिळाला असे धरू. आता निवडीचे मुद्दे.

बोअर. ९ मिलिमीटर पिस्तूल, .३०३ रायफल अशी लष्कर-पोलिसांची काडतुसे चालणारी हत्यारे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. आपल्यासाठी राहते .३२ आणि .२२. दोहोंत .२२ हलके, झटका कमी, पण मारा अगदी मोजका. म्हणून स्वसंरक्षणासाठी बहुतेक परवानाधारक .३२ कडे वळतात. काडतूस जिल्ह्याच्या आसपास परवानाधारक विक्रेत्याकडे नेहमी मिळते का, हे हत्यार घेण्याआधी विचारा. सुटे भाग न मिळणारा पंप आपण घेत नाही, तीच गोष्ट इथे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री असते, बहुधा सहा घरांची. प्रत्येक वेळी चाप ओढला की चक्री फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. एखादे काडतूस फुटले नाही तरी पुन्हा चाप ओढला की पुढचे येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर ते काढायला सराव लागतो. चक्री उघडली की हत्यार भरलेले आहे की रिकामे, हे डोळ्याला दिसते. ज्याला महिनोन्महिने हत्यार काढण्याची वेळ येत नाही, त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हरचा हा साधेपणा उपयोगाचा आहे. दोष इतकाच, की घरे मोजकी असतात आणि पुन्हा भरायला वेळ लागतो.

वजन. हाच मुद्दा लोकांना सर्वांत जास्त फसवतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये "निर्भीक" नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावे म्हणून ते ५०० ग्रॅमचे केले होते, आणि तेव्हाची किंमत होती सव्वा लाखाच्या जवळ, १ लाख २२ हजार ३६० रुपये. पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने "निडर" आणले, ते .२२ चे आणि अवघ्या २५० ग्रॅमचे. आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने १८ ऑगस्ट २०२३ रोजी "प्रबल" बाजारात आणले. त्याचे वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि चक्री बाजूला उघडते. जुन्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर खाली मोडून ते भरावे लागते.

वाचणाऱ्याला वाटेल, हलके तेच बरे. पण काडतूस तेच असेल तर हलक्या हत्याराचा झटका जास्त बसतो. झटका जास्त बसला की माणूस सराव टाळतो, आणि सराव नसलेल्या हाताचा नेम लागत नाही. उलट जड रिव्हॉल्व्हर चार दिवस कमरेला मिरवून पाचव्या दिवशी कपाटात जाते. म्हणून विक्रेत्याकडे रिकामे हत्यार हातात धरून पाहा. मूठ पूर्ण हातात बसते का, करंगळी खाली लोंबकळते का, घोडा न चढवता नुसता चाप ओढला तर हात हलतो का? चाप ओढायला जड असणे हा दोष नाही. खिशात किंवा झटापटीत आपोआप न सुटण्याची ती एक खात्रीच आहे.

पल्ला. "प्रबल"चा पल्ला ५० मीटरपर्यंत सांगितला जातो, जुन्यांचा साधारण २० मीटर. हा गोळीचा पल्ला झाला, हाताचा नव्हे. तीन इंची नळीवर दोन नेमखुणांतले अंतर इतके कमी असते, की हात केसभर हलला तरी गोळी हातभर बाजूला जाते. घाबरलेला माणूस सात-आठ पावलांवरही चुकतो. पल्ला बघून जास्त पैसे देऊ नका.

घोड्याची रचना. विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा. हत्यार खाली पडले तर गोळी सुटू नये म्हणून घोडा आणि काडतूस यांमध्ये अडसर आहे का? जुन्या, वापरलेल्या किंवा वारशाने आलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो असेलच असे नाही. तशा हत्याराचे घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुन्या लोकांची रीत होती, आणि ती शहाणपणाची होती. मात्र त्याचा अर्थ हत्यार सुरक्षित झाले असा नाही. चाप ओढताच पुढचे भरलेले घर समोर येते. आणखी एक. चक्री आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून गरम वायू बाजूला फेकला जातो. बोटे कायम चक्रीच्या मागेच हवीत.

झाकून बाळगणे

बरेच जण हत्यार दिसावे म्हणून घेतात. लग्नात सदरा जरा वर सरकवला की चार लोक बघतात. २०१६ चे नियम नेमके याच्या उलट सांगतात. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते होल्स्टर किंवा तशा म्यानात, पूर्णपणे झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. दाखवत फिरलात तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. लग्नात, विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात आणला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

झाकण्यासाठी पँटच्या खिशात नुसते टाकणे सर्वांत धोक्याचे. खिशात किल्ली असते, तंबाखूची पुडी असते, चापात काहीही अडकते. चाप पूर्ण झाकणारे, कडक चामड्याचे, घट्ट बसणारे होल्स्टर घ्या आणि त्या खिशात किंवा त्या बाजूला दुसरे काही ठेवू नका. मोटरसायकलवर खड्ड्यांच्या रस्त्याने जाताना कमरेचे हत्यार वर सरकते, बटण किंवा पट्टी असलेलेच चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. अंगावरच्या घामाने लोखंड आठ दिवसांत गंज धरते. रात्री पुसून, बंदुकीचे तेल लावून ठेवणे हे रोजचे काम समजा. सराव करायचा तो मान्यताप्राप्त रेंजवर, वावरात झाडाच्या बुंध्यावर नाही.

परवाना कुठपर्यंत चालतो तेही वाचा. जिल्ह्यापुरता असेल तर अमरावती किंवा यवतमाळच्या हद्दीत हत्यार घेऊन जाता येणार नाही. निवडणूक आली की हत्यार जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा पावती घेऊन ठेवा.

गोळी कधी झाडता येते

स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंडसंहितेतलीच तत्त्वे आहेत. जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका समोर उभा असेल, तर समोरच्याचा जीव जाईपर्यंतही बचाव करता येतो. लुटीला, रात्रीच्या घरफोडीलाही ते लागू आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कायदा देत नाही. विहिरीवरची मोटर किंवा केबल चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव ठरणार नाही. पळणाऱ्यापासून धोका संपलेला असतो. पाच हजारांच्या केबलपायी खुनाचा खटला आणि दहा वर्षे कोर्टाच्या चकरा, हा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडावा.

घरातला धोका

आता जी गोष्ट बैठकीत कोणी विचारत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. का होता, ते सांगायला नको. कर्ज, नापिकी, पडलेले भाव यांनी खचलेला माणूस आपल्यापैकी कोणाच्याही घरात असू शकतो. खचलेल्या मनाची वाईट वेळ पुष्कळदा थोडकी असते. ती टळली, कोणी शेजारी येऊन बसले, तर माणूस सावरतो. हाताशी हत्यार असले तर सावरायला तेवढी सवड मिळत नाही. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा असे आम्ही सांगतो, त्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून घरात कोणी उदास असेल, दारू वाढली असेल, भावाभावांत वाटणीचे पेटले असेल, तर रिव्हॉल्व्हर घेऊ नका. घेतलेले असेल तर काही काळ परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा ठेवा. त्यात कमीपणा नाही. मनाचा भार सांगायला टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. एरवीही हत्यार रिकामे करून लोखंडी पेटीत, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ली एकट्याच्या कमरेला, हा नियम मोडू नका. गादीखाली, धान्याच्या कोठीत, देवघरामागे ठेवलेले हत्यार लेकरांना पहिल्या आठवड्यात सापडते.

हिशेब मांडून पाहा

जाताजाता एक जुनी आठवण. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढले, याचा राग सेवाग्रामी येऊन राहण्याच्या कितीतरी आधी गांधीजींनीही बोलून दाखवला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला मागितला होता. स्वातंत्र्यानंतर घटनेने तो मूलभूत हक्कांत घेतला नाही, आणि १९५९ च्या कायद्याने परवान्याची वाट ठेवली. तेव्हा परवाना मागण्यात गैर काही नाही. पण ती हौस नसावी.

अर्ज करण्यापूर्वी घरी बसून चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. धोका कोणाकडून आहे आणि त्याची तक्रार दिली आहे का? हत्याराखेरीज दुसरा उपाय करून पाहिला का? मी ते रोज झाकून, सांभाळून, साफ करून बाळगू शकेन का? आणि माझ्या घरात ते सुरक्षित राहील का? चारही उत्तरे पक्की असतील तर हाताला बसेल असे मध्यम वजनाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर, चांगले होल्स्टर आणि लोखंडी पेटी असा तिन्हींचा एकत्र खर्च धरा. एकही उत्तर अडत असेल तर ते पैसे कुंपणाला, विहिरीला नाही तर कर्जाच्या हप्त्याला लावा. रोही-डुकरांचा त्रास ज्यांना आहे त्यांनी गावाचा मिळून एक अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावा. तो लिहिताना मदत लागली तर आपल्या मंडळाच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा.